वामनरावांच्या नावाचं रक्त

मोताळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत मला नावानं ओळखणारी माणसं थोडीच. "रगतवाली बाई" म्हटलं की मात्र शेंबडं पोरसुद्धा माझ्या लॅबचा पत्ता सांगतं, आणि सांगून झालं की उलट्या दिशेनं पळत सुटतं. आया पोरांना भरवताना "खातो का बलावू रगतवालीले?" असा माझा उपयोग करायच्या. तालुक्यातली एक पिढी माझ्या धाकानं वरण-भात खाऊन मोठी झाली आहे आणि त्याबद्दल मला कोणी कधी धन्यवाद दिलेले नाहीत.

गेल्या वर्षी मी लॅब सुनेच्या ताब्यात दिली. आता सकाळी घरी बसून मी चहाचा दुसरा कप पिते आणि लोकांच्या हातांकडे बघते. ही खोड जाणार नाही. लोकांना वाटतं, लॅबमध्ये सगळं मशीन करतं. मशीन करतंच, पण मशीनला आधी रक्त द्यावं लागतं, आणि ते माणसाच्या शिरेतून काढावं लागतं. शीर सापडणं हे खरं काम. कोणाची दोरीसारखी वर आलेली असते, कोणाची बोटाला लागते पण डोळ्यांना दिसत नाही, कोणाची सुई टेकली की बाजूला सरकते. या कामात मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र मी कच्ची. लग्नाकार्यात कोणी "वळखलं का बाई?" म्हणून विचारलं की मी त्याला बाही वर करायला सांगते.

याच गर्वानं मला एकदा तोंडघशी पाडलं, त्याची ही गोष्ट.

धामणगाव बढ्याला बाजाराच्या दिवशी एका मेडिकल दुकानात मी टेबल मांडून बसायची. आसपासच्या खेड्यांतले पेशंट तिथंच येऊन रक्त देत. किरकोळ तपासण्या मी लॅबवर करायची, मोठ्या तपासण्यांचं रक्त बर्फाच्या डब्यात घालून एसटीनं अकोल्याला पाठवायची. कंडक्टर तो डबा ड्रायव्हरच्या मागे ठेवायचा आणि कोणी त्यावर बसायला लागलं की ओरडायचा, "उठ बे! लोकायचं रगत हाये त्याच्यात!" मग अर्धी बस आपोआप मागे सरकायची.

तिथंच वामनराव माझ्याकडे यायला लागले. साठी ओलांडलेले, सहा एकरांचे शेतकरी, बिडी ओढून मिशा पिवळ्या झालेल्या. त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला होता. बायको गोदाबाई सावलीसारखी बरोबर. एकुलती एक मुलगी वंदना बुलढाण्याला शाळेत शिक्षिका. बापाची सगळी फाइल तिच्याकडे, आणि माझा प्रत्येक रिपोर्ट आधी तिच्या मोबाइलवर जायचा.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सीईए नावाची तपासणी लिहून दिली. ही काय भानगड आहे ते सांगते. सीईए हे एक प्रथिन. बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा त्याच्या आतड्यात ते भरपूर तयार होतं आणि जन्मानंतर जवळजवळ थांबतं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच गाठी ते पुन्हा तयार करायला लागतात आणि ते रक्तात उतरतं. नुसत्या या आकड्यावरून कॅन्सर आहे की नाही हे ठरत नाही. पण कॅन्सर आहे हे कळल्यावर ऑपरेशनच्या आधी आकडा किती होता, नंतर किती खाली आला, पुन्हा चढतोय का, यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. निरोगी माणसाचा आकडा साधारण पाचच्या आत असतो, पण यात एक मेख आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात ते तसंही थोडं वाढलेलं असतं.

वामनरावांचा आकडा अडतीस आला. गोदाबाईंनी विचारलं, "अडतीस म्हंजे कसं, बाई?"

"जास्त आहे."

"जास्त कुठं? काठावर पास तं झाले ना! आमची वंदी गणितात अडतीसनंच पास झाली होती."

तुमच्या नवऱ्याला इथं नापास व्हायचं आहे, हे त्यांना समजावता समजावता माझे चार पेशंट ताटकळले. ऑपरेशन चांगलं झालं आणि नंतरचा आकडा दोन पूर्णांक नऊ आला, तेव्हा मी आनंदानं फोन केला. गोदाबाई म्हणाल्या, "एवढे कमी? काही चुकलं का ऑपरेशनात?"

याच बाईंनी पुढे आणखी एक पराक्रम केला. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून ठेवतात. त्या तुकड्यातल्या पेशींमध्ये चार ठरावीक प्रथिनं शाबूत आहेत की गायब, हे मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये बघतात. त्यावरून औषध कोणतं द्यायचं आणि पुढे काय होईल याचा अंदाज करतात, शिवाय मुलाबाळांची तपासणी करायला हवी का तेही कळतं. हा ठोकळा हॉस्पिटलनं वामनरावांच्या हातात दिला आणि शहरात पाठवण्याआधी तो दोन दिवस घरी राहिला. चार दिवसांनी तिथल्या डॉक्टरांचा मला फोन, कारण फॉर्मवर नंबर माझा होता.

"मॅडम, ब्लॉकवर लाल-पिवळा थर आहे. तुमच्याकडे कुठला रंग वापरला?"

मी गोदाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "हळद-कुंकू वाह्यलं मी. यायच्या पोटातून निघालेली चीज, कुठं बी कशी ठेवू? देवघरात ठेवली होती."

मी डॉक्टरांना कळवलं, "कुंकू आहे." ते म्हणाले, "कोणत्या कंपनीचं रसायन हे?" मी म्हटलं, "घरगुती." सुदैवानं मेणानं कुंकू आत जाऊ दिलं नव्हतं. वरचा पापुद्रा काढून त्यांनी तपासणी केली. चारही प्रथिनं जागेवर होती, त्यामुळे वंदनाची तपासणी लागली नाही. गोदाबाईंनी त्याचं श्रेय कोणाला दिलं ते मी सांगायला नको.

वामनरावांनी देऊळगाव राजाच्या बालाजीसमोर बिडी सोडल्याची शपथ घेतली. केमोथेरपी झाली. त्या औषधांनी त्यांच्या हाताच्या शिरा पार बसून गेल्या. कोपरापाशी काही लागायचं नाही, मनगटाच्या मागून काढावं लागायचं, तेही दोन-तीन टोचे मारून. ते डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "विहीर खोदून राह्यली का बाई?"

सहा महिने ठीक गेले. मग आकडा सहा पूर्णांक आठ आला.

डॉक्टरांनी सरळ विचारलं, बिडी सुरू आहे का? वामनराव म्हणाले, शपथ आहे. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरानं पुन्हा करू, तेव्हाही चढलेला असेल तर स्कॅन. तपासणी करतोच आहोत तर साखरही बघून घेऊ. वंदनानं बापाला तिथंच सुनावलं, "बाबा, बिडी ओढत असाल तर मी तुम्हाला बुलढाण्याला घेऊन जाईन. बैलं विकून टाकीन." तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घराला वामनराव कोंडवाडा म्हणायचे.

महिन्यानं बाजाराच्या दिवशी टेबलापुढे रांग लागली होती. मी यादी वाचायची, माणूस समोर बसायचा, मी हात बघायची. "वामनराव" म्हटल्यावर एक हात समोर आला. मास्क, डोक्याला शेला गुंडाळलेला. गोदाबाई भाजी घ्यायला बाजारात गेलेल्या. करोनानंतर मास्ककडे कोणी संशयानं बघत नाही. कोपरापाशी ठसठशीत शीर! पहिल्या टोच्यात बाटली भरली. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "बघा वामनराव, तब्येत कशी सुधारली!" समोरच्यानं नुसती मान हलवली. मी स्वतःच्या हातावर खूश होऊन पुढचं नाव घेतलं. मान वर करून डोळ्यांत बघायला मला फुरसत झाली नाही.

आकडा आला एक पूर्णांक चार. वंदना फोनवर रडली. डॉक्टरांनी स्कॅन पुढे ढकलला. फक्त उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठावन्न निघाली. तीन महिने पथ्य करा मग बघू, असं ठरलं. वंदनानं कागदावर पथ्य लिहून पाठवलं आणि गोदाबाईंनी ते फ्रीजवर चिकटवलं.

तीन महिन्यांनी पुन्हा तोच बाजार, तोच मास्क, तोच शेला. त्या दिवशी गर्दी नव्हती. मी पट्टा आवळला आणि शीर वर आली. कोपराखाली दोन फाटे, बाहेरच्या फाट्यावर तीळ. ही शीर मी ओळखत होते. पंचायतीसमोरच्या रक्तदान शिबिरात दोनदा मीच तिच्यात सुई घातली होती.

"किसनराव, मास्क काढा," मी म्हटलं.

"मी वामन आहो ना, बाई."

"वामनरावांच्या हाताला शीर उरलेली नाही. ही तुमची आहे."

किसनरावांनी स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जसं काही घरच्याच माणसानं चुगली केली. "हातावर नाव लिव्हेल असते का हो?" ते पुटपुटले.

किसनराव म्हणजे वामनरावांचे बांधाला बांध असलेले लंगोटीयार. गळ्यात माळ, चहाशिवाय दुसरं व्यसन नाही. मी हातमोजे काढले आणि बिडीच्या वासाच्या मागावर दुकानाच्या मागच्या खोलीत गेले. औषधांच्या खोक्यांवर वामनराव बसले होते. हातात बिडी, आणि मला बघून ती विझवायचंही त्यांना सुचलं नाही.

"शपथेचं काय झालं?" मी विचारलं.

"वापस केली."

"शपथ?"

"हाव. बालाजीले दुसरा नारळ फोडला अन् सांगतलं, देवा, झेपत नाई, वापस घे. त्यानं काही आढेवेढे घेतले नाई. वंदी घेते आढेवेढे. म्हणून मंग गावात बिन-व्यसनाचा माणूस पाह्यला. दोन दिवस लागले सापडाले."

"अन् मले दर टायमाले दोन कचोऱ्या अन् पावशेर जिलबी," किसनराव मागून म्हणाले. लपवाछपवीत आपलाही वाटा आहे हे त्यांना सांगावंसं वाटलं असावं.

तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "वामनराव, मागच्या रिपोर्टमधली साखर मग कोणाची होती?"

नेमक्या त्याच वेळी भाजीची पिशवी घेऊन गोदाबाई खोलीत शिरल्या. पिशवीच्या तोंडाशी कारली दिसत होती. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"म्हंजे तीन महिने मी यायले रोज कारल्याचा रस पाजून राह्यली, च्या बिनसाखरीचा, पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी नाई देली... अन् साखर या किसनभाऊची?"

"तरी मी म्हणू," वामनराव उठून उभे राहिले, "अन् हा बाबू माह्यासमोर बसून जिलबी खाये! माह्याच पैशाची! माह्या नावाच्या साखरीवर!"

"थांब बे," किसनरावांचा चेहरा पडला होता. "म्हंजे मले डायबिटीस हाय?"

मी त्यांना होय म्हटलं, आणि मला हसू आवरलं नाही. गोदाबाई हसल्या, वामनराव तर खोक्याला धरून हसले. किसनराव हातातल्या कचोरीच्या पुडीकडे बघत उभे होते. गोदाबाईंनी ती पुडी काढून घेतली आणि त्या जागी कारल्यांची पिशवी ठेवली.

हसणं ओसरल्यावर मी म्हटलं, "आता तुमचं रक्त द्या."

वामनरावांचं हसू तिथंच थांबलं. "बिडीचं मी सांगतो वंदीले. आताच फोन लावा. बुलढाण्याले नेते तं नेऊ दे. पण रगत नोको, बाई."

"का?"

ते खाली बसले. "वंदीचा धाक तं हायेच. पण खरं सांगू? मले त्या आकड्याचा धाक हाय. सहा आला होता त्या दिवशी बिडीमुळं असन, असं मनाले समजावलं. पण नसन तं? किसनाचं रगत देलं अन् एक आला, तवा मले ठाऊक होतं का माहा नाही, तरी बी त्या राती झोप लागली मले."

मी सुई घेऊन उभी होते. गोदाबाई त्यांच्या शेजारी खोक्यावर बसल्या, त्यांचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि मला म्हणाल्या, "काढा. मी धरून हाये."

दोन टोच्यांत निघालं.

दुसऱ्या दिवशी आकडा आला सतरा.

एवढं बिडीनं वाढत नाही. मी लॅबचं दार लावून घेतलं आणि वंदनाला फोन केला. आधी आकडा सांगितला, मग सगळी हकिकत. आणि मग जे सांगायला सगळ्यात जड गेलं ते सांगितलं, की मागच्या वेळी रक्त मी काढलं होतं, समोर कोण बसलंय हे मी बघितलं नव्हतं, आणि सापडलेल्या शिरेबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

ती म्हणाली, "मावशी, बाबा खोटं बोलतात हे मला माहीत आहे. तुम्ही बघाल असं मला वाटलं होतं."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. या धंद्यात माझ्या हातून छोट्या-मोठ्या चुका झाल्या आहेत, नाही असं नाही. पण हे वाक्य मला अजून टोचतं.

स्कॅनमध्ये यकृतावर कॅन्सरचा एकच डाग निघाला. संभाजीनगरच्या सर्जननं सांगितलं, एकच आहे, काढता येईल. मधल्या तीन महिन्यांचा हिशेब वंदनानं त्यांना दिला तेव्हा ते आधी खो खो हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, तेव्हा सापडला असता तर लहान असता. ऑपरेशन तेच झालं असतं, पण नशीब एवढं ताणायचं नसतं. ते तीन महिने मी वामनरावांना परत देऊ शकत नाही. त्यातले निम्मे माझ्या खात्यावर आहेत असं मी मानते, मला कोणी तसं म्हटलेलं नसलं तरी.

दुसरं ऑपरेशन झालं. वामनराव अडीच महिने त्या तिसऱ्या मजल्यावर राहिले. वंदनानं बैल विकले नाहीत. किसनरावांनी ते सांभाळले आणि स्वतःची साखरही सांभाळली, कारण गोदाबाई फोनवरून रोज विचारायच्या, "कारलं खाल्लं का?" बिडी बुलढाण्याला आपोआप सुटली. लिफ्ट बंद असायची आणि पानठेला खाली होता.

त्या सगळ्यानंतर मी टेबलावर एक नियम केला. आधी मास्क काढायचा, मग नाव, बापाचं नाव आणि गाव सांगायचं, मग हात पुढे करायचा. लोक चिडायचे. "बाई, कालच तुमच्या पोराच्या हळदीत नाचलो ना मी!" म्हणायचे. मी म्हणायची, असाल, मास्क काढा. सूनही आता तेच करते.

वामनराव धामणगावला परतले आणि पहिल्याच बाजाराला तपासणीला आले. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं न विचारता सांगितलं. मनगटामागून रक्त काढायला मला तीन टोचे लागले. ते डोळे उघडे ठेवून बघत होते, पण या वेळी विहिरीचा विनोद त्यांनी केला नाही. डबा एसटीत चढवताना मी कंडक्टरला दोनदा सांगितलं की नीट ने.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. वंदनाला पाठवायच्या आधी मी वामनरावांना फोन लावला. नियम तसा नव्हता, पण लावला.

"वामनराव, दोन पूर्णांक एक."

पलीकडे बैलाच्या गळ्यातली घंटी वाजत होती.

"वामनराव, ऐकू आलं का? चांगला आहे. एकदम चांगला आहे."

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "हे किसनाचं तं नाई ना?"

"नाही हो," मी म्हटलं. "तुमचंच आहे. तिन्ही टोचे तुम्हीच खाल्लेत."

मग ते रडायला लागले, आणि त्यांचं रडून होईपर्यंत मी फोन कानाला धरून बसले.